आरसा सगळे विचारतात, बैठक कोण विचारतो?

मित्रांनो, दुर्बीण म्हटली की लोकांचे दोनच प्रश्न असतात. "किती लांबचं दिसतं?" आणि "आरसा केवढा?" गेल्या वर्षभरात हे दोन प्रश्न मला निदान शंभर वेळा विचारले गेले असतील. "स्टँड कशावर बसवलास?" हे मात्र एकाच माणसाने विचारलं. तो माणूस कोण, ते पुढे येईलच. पण माझं आता स्पष्ट मत झालंय की घरी केलेल्या दुर्बिणीतलं खरं इंजिनीअरिंग आरशापेक्षा त्या लाकडी बैठकीत जास्त असतं. आणि आपण इंजिनीअरिंगची मुलं नेमकं तेच हाताने करायचं टाळतो.

(आधीच सांगून ठेवतो, मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटचा. शाळेत मराठी बोललं की दंड होता. त्यामुळे मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर मला वायवापेक्षा जास्त घाम फुटला. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घेतलेत, बाकी चुका तुम्ही पोटात घाला.)

तर गोष्ट २८ फेब्रुवारी २०२५ ची, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाची. आम्ही चौघे तेव्हा एस.ई. मेकॅनिकलला. सहा इंची आरशाची न्यूटोनियन दुर्बीण करून जवळच्या शाळेतल्या मुलांना आकाश दाखवायचं, असा आमचा बेत. आरसा आम्ही तयार विकत घेतला, खोटं कशाला बोलू? त्याचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. नळी म्हणून आठ इंची पीव्हीसी पाइप. आणि स्टँड? तो आमच्या मते एकदम प्रोफेशनल होता. चार फुटी जीआय पाइपचा खांब, खाली चार पाय, वर फ्लँज, आणि दोन्ही दिशांना फिरायला बॉल बेअरिंग. इंजिनीअर म्हटला की बेअरिंग हवंच ना!

संध्याकाळी साडेसातला ग्राउंडवर मुलांची रांग लागली. गुरू मस्त डोक्यावर आला होता. पहिली मुलगी पाचवी-सहावीची असेल. तिने डोळा लावला आणि विचारलं, "दादा, हा नाचतो का?"

नाचतच होता. कोणी नळीला हात लावला की पाच-सहा सेकंद थरथर. वारा आला की नळी स्वतःच फिरायची. फोकस करायला गेलो की गुरू गायब. शोधून पुन्हा आणला तर पुढच्या मुलाचा गाल आयपीसला लागून परत गायब. तासाभरात साठातल्या जेमतेम दहा मुलांनी काहीतरी पाहिलं. बाकीच्यांनी आमच्याकडे बघून "पाहिलं पाहिलं" म्हटलं, ते आमचं मन राखायला. लहान मुलांनी आपलं मन राखावं, यासारखी शरम नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. १० मिलिमीटरचा आयपीस लावला की आपली दुर्बीण १२० पट मोठं दाखवते. १२०० मिलिमीटर लांबीच्या नळीचं एक टोक फक्त एक मिलिमीटर हललं, तर दिशा साधारण ०.०५ अंशाने बदलते. ऐकायला काहीच नाही. पण डोळ्याला ते १२० पटीने जाणवतं, म्हणजे जवळजवळ सहा अंश! पौर्णिमेचा चंद्र साध्या डोळ्यांना अर्धा अंश दिसतो. म्हणजे दुर्बिणीचं टोक एक मिलिमीटर हललं की आतलं चित्र अकरा-बारा चंद्रांइतकं सरकतं. आरसा कितीही भारी आणा, खालची बैठक हलली की सगळं पाण्यात.

त्यात पृथ्वी कुणासाठी थांबत नाही. ती तासाला १५ अंश फिरते. १२० पटीला दिसणारा आकाशाचा तुकडा अर्ध्या अंशापेक्षाही लहान असतो, त्यामुळे गुरू एका कडेने शिरून पावणेदोन मिनिटांत दुसऱ्या कडेने निघून जातो. म्हणजे दर थोड्या सेकंदांनी नळीला केसभर ढकलावं लागतं. बैठकीकडून आपल्याला काय हवं ते यातून ठरतं. ढकलेपर्यंत तिने ढिम्म हलू नये, ढकलल्यावर लोण्यासारखं सरकावं आणि हात काढला की तिथल्या तिथे थांबावं. आमचं बॉल बेअरिंग यातलं फक्त मधलं काम करत होतं.

आता त्या एका माणसाची गोष्ट.

माझे पप्पा पॉवरलूमवर जॉबर आहेत. भिवंडीकरांना सांगायला नको, पण वसतिगृहात राहणाऱ्या बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. लूम बिघडला की तो उघडून, ठोकून, जुळवून पुन्हा चालू करणारा माणूस म्हणजे जॉबर. पप्पांची बोटं कायम काळी. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं ते माझी तशी होऊ नयेत म्हणूनच. घरात मी पाना हातात घेतला की ते म्हणायचे, "ठेव तो, अभ्यास कर." आणि खरं सांगू? मलाही ते सोयीचं होतं. पॅरेंट्स मीटिंगच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'टेक्स्टाइल' असं लिहायची मला सवय झाली होती.

त्या रात्री मोडलेल्या तोंडाने घरी आलो, तेव्हा पप्पांनी दोनच वाक्यं विचारली. "स्टँड कशावर बसवलास? पाय किती?"

"चार," मी म्हटलं.

आजी आतून म्हणाली, "अरे, चुलीला दगड तीनच का असतात?"

मित्रांनो, एवढी एफ.ई.ला मेकॅनिक्स शिकलो, तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं हे बारावीला पाठ केलं, पण ग्राउंडवरच्या उंचसखल जमिनीवर चार पाय ठेवले तर एक अधांतरी राहणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आजी शाळेत गेलेली नाही. तिवई डुलत नाही आणि टेबल डुलतं, हे तिला चुलीवरून माहीत!

पप्पा दुसऱ्या दिवशी स्टँड बघायला आले. बेअरिंग बोटाने फिरवून म्हणाले, "हे इतकं मोकळं कशाला ठेवलंस?" मी त्यांना घर्षण कमी असणं कसं चांगलं, हे समजावायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला कारखान्यात घेऊन गेले. साध्या लूमच्या मागच्या बाजूला सुताचा बीम असतो. त्याच्या कडेच्या चाकावरून चेन गुंडाळून तिला लोखंडी वजन टांगलेलं असतं. पप्पा म्हणाले, "बीम बेअरिंगवर मोकळा सोडला तर सूत सैल पडेल. घट्ट बांधला तर सूत तुटेल. म्हणून त्याला घासत ठेवायचं, पण अडकू द्यायचं नाही. ओढलं की सरकला पाहिजे, सोडलं की थांबला पाहिजे. चेन अडकायला लागली तर ग्रॅफाइट लावतो."

ओढलं की सरकला पाहिजे, सोडलं की थांबला पाहिजे! मी रात्रभर कॅल्क्युलेटर बडवून जिथे आलो, ते वाक्य पप्पा कित्येक वर्षं रोज हाताने जगत होते.

पुढे वाचल्यावर कळलं की जगभरच्या हौशी लोकांची दुर्बीण नेमकी याच तत्त्वावर उभी आहे. जॉन डॉब्सन हा माणूस १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मला, अमेरिकेत बर्कलेला रसायनशास्त्र शिकला आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात राहायला गेला. हो, आपल्या रामकृष्ण-विवेकानंद परंपरेतल्या मठात! खिशात पैसे नाहीत, म्हणून त्याने जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेचा आरसा घासला, पुठ्ठ्याची नळी केली आणि प्लायवूडच्या खोक्यात ती तोफेसारखी बसवली. १९६७ साली मठ सुटला. १९६८ साली त्याने सोबत्यांबरोबर 'साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स' ही संस्था सुरू केली आणि फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र-शनी दाखवायला लागला. २०१४ साली तो गेला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या 'डॉब्सोनियन' बैठकीचं त्याने पेटंट घेतलं नाही.

त्यात बेअरिंग नाही. टेफ्लॉनचे छोटे तुकडे सनमायकासारख्या खरखरीत लॅमिनेटवर घासतात, बस्स. पण गंमत बघा. बहुतेक वस्तू सरकायला लागण्याआधी जास्त जोर मागतात आणि एकदा सुटल्या की झटक्याने पुढे जातात. टेफ्लॉनमध्ये हा फरक फार कमी असतो, म्हणून झटका बसत नाही. पप्पांच्या चेनवरचं ग्रॅफाइट तेच काम करतं.

मग पावसाळ्यात आम्ही नवी बैठक केली. कोणाला करायची असेल तर उपयोगी पडेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पीव्हीसी पाइप आधी काढून टाकला, तो उगाच जड होता. त्याऐवजी ६ मिलिमीटर प्लायची चौकोनी नळी केली, आतून आठ इंच रुंद, कोपऱ्यांना पट्ट्या. चौकोनी नळी दिसायला बावळट, पण तिला काटकोनात स्क्रू मारता येतात आणि ती पीळ खात नाही. आरसा मागे तीन बोल्टांवर बसवला, म्हणजे तिरका झाला तर सरळ करता येतो. इथेही तीनच! आणि आरसा कधीही आवळायचा नाही. काच दाबली गेली की तारे त्रिकोणी दिसायला लागतात, हा अनुभव आम्ही घेतलाय.

मग आख्खी नळी, आरसा आणि आयपीससकट, एका दांड्यावर ठेवून तिचा तोल कुठे सांभाळतो ते शोधलं. बरोबर तिथेच दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटर प्लायच्या गोल चकत्या लावल्या. पहिल्यांदा तीन इंची केल्या होत्या, त्या झटके द्यायच्या. आठ इंची केल्यावर हाताला ताबा आला. चकत्यांच्या कडेला सनमायकाची पट्टी चिकटवली. त्या चकत्या ज्या खोक्याच्या खाचांत बसतात, त्या खाचांत टेफ्लॉनचे तुकडे. खोक्याला दोन बाजू आणि पुढची फळी हवीच. पुढची फळी आम्ही आधी 'वजन वाचवायला' गाळली होती, तर दोन्ही बाजू पत्त्यांच्या घरासारख्या लचकायला लागल्या.

खोक्याच्या तळाला सनमायका, त्याखाली गोल फळी आणि त्या फळीवर टेफ्लॉनचे तीन तुकडे. खालचे तीन पाय बरोबर या तीन तुकड्यांच्या खाली यायला हवेत, म्हणजे वजन सरळ जमिनीत जातं आणि फळी वाकत नाही. मधला बोल्ट फक्त खोकं जागेवर ठेवायला असतो, आवळायला नाही. आम्ही सवयीने आवळला आणि सगळं जाम झालं. पप्पा म्हणाले, "बोल्ट दिसला की आवळायचाच, असं कुठं लिहिलंय?"

शेवटी एक अडचण राहिली. जड आयपीस लावला की नळीचं तोंड हळूहळू खाली यायचं. पप्पांनी कारखान्यातून बीमचं एक जुनं छोटं वजन आणून मागच्या टोकाला टांगलं. ते आजही तिथेच आहे.

सगळ्या बैठकीचा खर्च एका ब्रँडेड बुटांच्या जोडीपेक्षा कमी आला.

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात त्याच शाळेच्या मुलांना पुन्हा बोलावलं. आकाशात अर्धा चंद्र होता आणि शनी. त्या दिवसांत शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसत होती, म्हणून ती चेंडूत आरपार टोचलेल्या सुईसारखी दिसली. मुलं येत होती, बघत होती, नळी स्वतः ढकलत होती आणि आम्हाला मध्ये पडायची गरजच लागली नाही. एक मुलगा चंद्रावरची विवरं मोजत बसला आणि मागची रांग त्याच्यावर जाम चिडली. आमच्यासाठी तेच सर्टिफिकेट!

आता मुद्द्यावर येतो. मित्रांनो, आपण एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये सुतारकामाचा जॉब करतो. लॅप जॉइंट. किती जणांनी तो स्वतः केला, हात वर करा! कोणी सिनिअरचा रंधा मारून नवा केला, कोणी मामांना चहा पाजला. मार्क मिळाले की तो जॉब भंगारात. कारण त्या जोडाला काही जोडायचंच नसतं. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टसुद्धा रेडिमेड मिळतात, रिपोर्टसकट, हे उघड गुपित आहे. मग इंटरव्ह्यूला "यातलं तू काय केलंस?" विचारलं की आपण फॅनकडे बघतो.

काही मित्र म्हणतात, "अरे, आज डॉब्सोनियन ऑनलाइन मिळते. एवढ्या वेळात गेटचे दोन विषय झाले असते." त्यांचं अर्धं बरोबर आहे. ज्याला फक्त आकाश बघायचंय त्याने खुशाल विकत घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण आपण इंजिनीअर व्हायला आलोय ना? घर्षण, गुरुत्वमध्य, कंपन, तोल हे शब्द माझ्या वहीत दोन वर्षं पडून होते. ते माझे झाले, कारण एका पाचवीतल्या मुलीचा गुरू नाचला. रेडिमेड स्टँड घेतला असता तर तो हलला नसता आणि मीही जागचा हललो नसतो.

आणखी एक. इंजिनीअरिंग कॉलेजात दुर्बीण ही काही अमेरिकेची कल्पना नाही. पुण्याच्या ज्या कॉलेज ऑफ सायन्सचं पुढे सीओईपी झालं, तिथे १८८८ साली प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारचे पैसे त्यात होते. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आणि आपल्या खोक्याला कोणी हसू नये म्हणून सांगतो, गिरवलीची आयुकाची दोन मीटर दुर्बीण असो की खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या, त्याही आपल्या खोक्यासारख्याच वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे अशा दोनच दिशांना फिरतात. आपल्या हाताच्या जागी तिथे मोटर आणि कॉम्प्युटर, एवढाच फरक.

शिकवणारेही लांब नाहीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ आहे, आपल्या शेजारी कल्याणला आकाशमित्र मंडळ आहे. आयुकाने तर दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेऊन कित्येकांना आरसा घासायला शिकवलंय.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. प्राचार्य सर, रागावू नका. एक, आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्कशॉप विद्यार्थ्यांना उघडं ठेवा. दोन, लॅप जॉइंटच्या जागी प्रत्येक बॅचला दुर्बिणीच्या बैठकीचा एकेक भाग द्या. चार बॅच मिळून एक बैठक होईल आणि ती भंगारात न जाता एखाद्या शाळेला देता येईल. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची, वर्कशॉपमध्ये शिकवायला वर्षातून निदान एक दिवस गावातल्या सुताराला आणि एखाद्या जॉबरला बोलवा. बाहेरच्या पाहुण्यांना देतो तसंच मानधन आणि तशीच खुर्ची देऊन.

भिवंडी म्हणजे धूळ, ट्रॅफिक आणि लूमची खटखट, असं आपणच बाहेर सांगतो. त्या खटखटीत रोज हजारो लोखंडी यंत्रं कोणीतरी समतल बसवतं, त्यांचा तोल राखतं, त्यांचं घर्षण हाताने जुळवतं. त्या माणसांना आपण इंजिनीअर म्हणत नाही. म्हणू नका, पण निदान विचारा तरी.

परवा टी.ई.चा परीक्षा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला. यावेळी मी 'पॉवरलूम जॉबर' असं लिहिलं.